पावतीवरची वाळू

नमस्कार श्रोतेहो.

सिमेंटचा भाव दुकानदार सांगतो, लोखंडाचाही सांगतो. वाळूचा भाव मात्र फोनवर, खालच्या आवाजात ठरतो आणि वर अट असते, 'माल रात्री येईल.' सूर्य मावळल्यावर नदीतून वाळू उपसायला परवानगी नसते. तरी माल रात्रीच येतो.

आज या धंद्याविषयी. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती पुन्हा सांगणार आहे. नदीतून वाळू कुणीही काढेल. खरी कमाई चोरीची वाळू कागदावर खरी करण्यात आहे.

माझे मामा महसूल खात्यात मंडळ अधिकारी, म्हणजे काही गावांच्या तलाठ्यांवरचे साहेब होते. गोदाकाठचा तालुका, नाव राहू द्या. ऑनलाइन पास यायच्या आधीचा काळ. वाहतुकीच्या पावत्यांची छापील पुस्तकं असायची. दिवाळीच्या सुमाराला मामांनी एका गावाच्या गायरानात वाळूचा साठा पकडला. साठा कुणाचा, गावात कुणालाच ठाऊक नाही. एवढा डोंगर गायरानात उभा राहतो आणि कुणालाच ठाऊक नसतं! पंचनामा झाला. चाळीस ब्रास भरली, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ढिगावर चुन्याच्या फक्कीने रेघा मारल्या, म्हणजे वाळू हलवली की रेघ मोडते. पुढे रीतसर लिलाव झाला आणि एका ठेकेदाराने अशी काही बोली लावली की मामाही चक्रावले. चाळीस ब्रासला एवढे पैसे कोण देतं? त्याने पैसे भरले, पावतीपुस्तक घेतलं आणि गाड्या सुरू झाल्या.

बरेच दिवस गाड्या धावत होत्या. एकदा मामा मोटारसायकलवरून त्या वाटेने चालले होते, सहज गायरानाकडे वळले. ढीग जागेवर! द्रौपदीची थाळीच जणू. चुन्याच्या रेघासुद्धा जागच्या जागी, फक्त एका कडेला म्हशींनी तुडवलेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा आणि कोतवाल रस्त्यावर जाऊन उभे राहिले. सरकारी जीप घेतली नाही. तहसीलसमोरच्या चहाच्या टपरीवर पोरं बसलेली असतात, जीप कुठल्या रस्त्याने निघाली एवढंच फोनवर कळवायचं, त्याचा रोज मिळतो. पहिली गाडी आली. ड्रायव्हरने पावती दाखवली. शिक्का बरोबर, सही बरोबर, लिलावाचा आदेश क्रमांक बरोबर. तारीख आणि वेळ, हे दोन रकाने तेवढे कोरे. कुणी अडवलं तर भरायचे, नाही अडवलं तर तीच पावती पुढच्या खेपेला. मामा काही बोलले नाहीत. गाडीच्या मागे गेले. फाळक्यातून पाणी गळत होतं.

"काय रे, वाळू ओली कशी?"

"साहेब, रात्री पाऊस झाला."

"आणि रस्ता कोरडा?"

ड्रायव्हर गप्प. कोतवाल म्हणाला, "साहेब, झाला असंल, ह्याच्याच गाडीवर."

गायरानातली वाळू दिवाळीपासून उन्हात पडलेली. ही तासाभरापूर्वी नदीतून निघालेली. गाडी तहसीलच्या आवारात लागली. आरटीओच्या कागदावर मालक निघाला एक शेतमजूर! दंडाची नोटीस त्याच्या नावाने गेली. तो बिचारा डोक्याला टॉवेल गुंडाळून हजर. कधीतरी कर्जाचे कागद म्हणून कुणीतरी त्याचे अंगठे घेतले होते. मामांनी विचारलं, "ही गाडी तुमची?" त्याने गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली, टायरवर हात मारून पाहिला आणि म्हणाला, "माझ्या नावावर हाय म्हणता? मग द्या की चावी, नेतो घरी."

मामा हे सांगताना दरवेळी हसतात. म्हणतात, सबंध नोकरीत इतका सरळ अर्ज दुसरा आला नाही.

तर मंडळी, बोली चढी का होती ते आता कळलं असेल. त्या ठेकेदाराला ढिगाशी घेणंदेणं नव्हतं, त्याने पावतीपुस्तक विकत घेतलं होतं. चाळीस ब्रासच्या पावत्यांवर किती पट वाळू गेली, याचा हिशोब कधीच लागला नाही. पुन्हा सांगतो, कमाई कागदात आहे.

हे एकट्यादुकट्याचं काम नाही. बोटी, तळातली वाळू ओढणारे सक्शन पंप, पोकलेन, हायवा डंपर यांना भांडवल लागतं. खाली पाण्यात मजूर, रस्त्यावर ड्रायव्हर, टपरीवर पाळत ठेवणारी पोरं, आणि सगळ्यांच्या वर तो, ज्याच्या नावावर एक टायरही नसतो. पैसा मग प्लॉटमध्ये जातो, ढाब्यांमध्ये जातो, निवडणुकीत जातो. आणि फ्लेक्सवर! चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चौरस फुटाने कर लावला तर नगरपालिकेला घरपट्टी वाढवावी लागणार नाही, हे माझं जुनं मत आहे. असो.

आडवं येणाऱ्याला मार बसतो. २००४ साली अलिबागजवळच्या किहीमच्या किनाऱ्यावरचा वाळूउपसा अडवायला गेलेल्या पर्यावरण कार्यकर्त्या सुमेरा अब्दुलअली यांना मारहाण झाली होती. महाराष्ट्राने २०१५ साली झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या कायद्यातच वाळू तस्करांना नेऊन बसवलं, म्हणजे आता त्यांना स्थानबद्ध करता येतं. महसूल कायद्यात बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड आहे. २०२३ साली सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू द्यायची योजना आली, २०२५ साली पुन्हा लिलावाकडे वळलो. नदीच्या वाळूला पर्याय म्हणून दगड भरडून केलेली कृत्रिम वाळू आहे, पण तिला गवंडी अजून नाक मुरडतात.

आणि हे फक्त आपल्याकडे नाही. पेरू देशात माद्रे दे दिओस नावाचा जंगलाचा प्रांत आहे. तिथे नदीच्या गाळातून पारा वापरून सोनं काढतात, बरंचसं बेकायदा. मग ते परवानाधारकाच्या नावावर दाखवायचं आणि वितळवायचं. वितळलं की कुठल्या नदीचं, कोण सांगणार? तिथेही कागदच. लाकूड, सोनं, खनिजं, वन्यप्राणी, असे पर्यावरणाचे सगळे गुन्हे धरून जगभरची उलाढाल संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम आणि इंटरपोल यांनी २०१६ साली वर्षाला ९१ ते २५८ अब्ज डॉलर धरली होती. अंदाजाची दोन टोकं इतकी लांब, कारण मोजणार कसं? कागद तर सगळे बरोबर असतात.

निवेदक घड्याळाकडे बोट दाखवताहेत. तेव्हा शेवटचं, कामाचं. आता वाहतुकीचा पास 'महाखनिज' या सरकारी प्रणालीवरून निघतो. दारात वाळू उतरवण्याआधी तो मागून घ्या. गाडीचा नंबर जुळवा, तारीख पाहा आणि वेळ नक्की पाहा. वाळूघाट, म्हणजे वाळू काढायची जागा, दोन तासांवर आणि पास दहा मिनिटांपूर्वीचा असेल, तर ड्रायव्हरला पावसाचं विचारू नका, सरळ गाडी परत पाठवा. नमस्कार.