मेडिक्लेम घेताना कुठे बघायचं

नमस्कार मंडळी. फलकावर विषय लिहिलाय 'कुटुंबासाठी आरोग्य विमा', पण आत येतानाच दोघांनी मला गाठलं. म्हणाले, 'ते बाकीचं राहू द्या हो, कुठल्या कंपनीचा घेऊ तेवढं सांगा.' तेवढंच मी सांगणार नाही. मी विमा विकत नाही. माझी सगळी नोकरी झाली ती दाव्यांच्या टेबलावर, लोकांची बिलं तपासण्यात. तिथे बसून एक गोष्ट पक्की कळली. घेताना माणूस दोनच आकडे बघतो, कव्हर किती आणि हप्ता किती. क्लेम अडतो तो मात्र तिसऱ्याच ओळीवर.

अशा अडवणाऱ्या ओळींतली पहिली खोलीभाड्याची. समजा पाच लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याला मर्यादा आहे १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. पेशंट बाबांना शांतता हवी म्हणून घरच्यांनी ८,००० ची स्वतंत्र खोली घेतली. मुक्काम पाच दिवस. हिशेब सोपा वाटतो ना? रोजचे ३,००० जादा, पाच दिवसांचे १५,००० आपण भरू. पण तसं होत नाही. सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या व्हिजिट हे सगळं आठास पाच या प्रमाणात कापलं जातं. हा खर्च १ लाख ६० हजार असेल तर कंपनी देणार १ लाख. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट यांना ही कात्री लागत नाही. ते ६० हजार पूर्ण मिळतील. खोलीचे ४० हजार धरून एकूण बिल २ लाख ६० हजार, आणि खोलीचे मान्य झालेले २५ हजार धरून मिळाले १ लाख ८५ हजार. खिशातून गेले ७५ हजार. १५ हजारांची तयारी करून आलेला माणूस काउंटरवर हा आकडा ऐकतो, तेव्हा त्याला वाटतं आपल्याला फसवलं. फसवलेलं नसतं, पॉलिसीत लिहिलेलं असतं. खोलीनुसार दर बदलत नसलेल्या हॉस्पिटलात ही कपात करता येत नाही, हेही लक्षात असू द्या. पण शहाणपणाचं हेच, की हप्ता थोडा जास्त पडला तरी खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या. आणि जुनी पॉलिसी असेल तर आज रात्रीच घरी जाऊन ही ओळ शोधा.

दुसरी जागा म्हणजे तुम्ही भरलेला अर्ज. तुम्ही भरलेला म्हणतोय खरा, पण बहुतेकदा तो एजंटच भरतो. 'शुगर आहे का?' 'आहे थोडी, गोळी चालू आहे.' 'मग नाहीच लिहू या, उगाच हप्ता वाढेल.' झालं! पुढे तीन वर्षांनी छातीत दुखतं, ॲडमिट होतात. पहिल्या तासात निवासी डॉक्टर पेशंटला विचारून केस पेपरवर लिहितो, 'डायबेटिस, गेली आठ वर्षं'. क्लेम तपासणारा सगळ्यात आधी तोच कागद उघडतो. मीही तोच उघडायचो. तिथे एजंट नसतो आणि सही तुमची असते. नुसता क्लेम जात नाही, पॉलिसीही रद्द होऊ शकते.

खरं सांगितल्याने फार काही बिघडतही नाही. आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकते. २०२४ पर्यंत ही मुदत चार वर्षांची होती. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली, की माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून काही मिळत नाही आणि मोतीबिंदू, हर्निया, गुडघे यांना बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. म्हणून ऑपरेशन ठरल्यावर पॉलिसी शोधायला निघू नका.

आता फ्लोटर. नवरा-बायको आणि मुलं एका पॉलिसीत, हे उत्तम. पण 'आई-बाबांनाही त्यातच घालू' म्हणालात की हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. शिवाय बाबांच्या एका अँजिओप्लास्टीत कव्हर संपत आलं, तर बाकीच्यांचं वर्ष उघड्यावर. आई-वडिलांची पॉलिसी वेगळी घ्या. तिच्यात को-पेची अट आहे का बघा. २० टक्के को-पे म्हणजे मान्य झालेल्या प्रत्येक लाखातले २० हजार तुमचे. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये, उत्पन्न न बघता, वर्षाला पाच लाखांचं कव्हर आहे. ते कार्ड काढून ठेवाच, मात्र आपलं नेहमीचं हॉस्पिटल त्या योजनेत आहे का हे आधी विचारा.

कव्हर किती, असं मघाशी एका ताईंनी विचारलं. पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर पाच लाखांपुढे सुरू होणारा २० लाखांचा सुपर टॉप-अप, ही जोडी मला पसंत आहे. 'सुपर' हा शब्द नीट बघा. वर्षात दोनदा चार-चार लाखांचं बिल झालं, तर साध्या टॉप-अपमधून एक पैसा मिळत नाही, कारण एकही बिल पाच लाखांपुढे गेलेलं नसतं. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो आणि वरचे तीन लाख देतो. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी गेला. त्या वाचलेल्या पैशांत हा सुपर टॉप-अप बसतोय का ते पाहा.

ऑफिसच्या विम्याबद्दल एवढंच, की नोकरी सुटली की तोही सुटतो, आणि साठीत नवीन घ्यायला गेलात की थांबण्याची मुदत पहिल्या दिवसापासून मोजायला लागते.

एवढं करूनही क्लेम नाकारला तर? आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत कार्यालय आहे, पुण्यातही आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकतात. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत तक्रार जावी लागते, तेव्हा ते नकाराचं पत्र रागाच्या भरात फाडून टाकू नका. विचारा आता, काय विचारायचंय ते.