खुनी ‘आला’ की ‘आली’?

(सांगलीतल्या वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

अनुवादित रहस्यकादंबरी फसली की आपण लेखकाचे आणि अनुवादकाचे दोष एकाच खात्यावर मांडतो. ते वेगळे करायचे तर पुस्तक दुसऱ्यांदा वाचावं लागतं. शेवटच्या प्रकरणात उलगड्यासाठी वापरलेला प्रत्येक धागा पेन्सिलीने टिपून घ्या आणि तो आधी कुठल्या पानावर, कुठल्या शब्दांत आला होता ते शोधा.

कॉनन डॉयलची १८८७ची ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ घ्या. भिंतीवर रक्ताने पाच रोमन अक्षरं लिहिलीत: आर, ए, सी, एच, ई. पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेडला वाटतं, ‘रेचल’ हे बाईचं नाव अर्धवट राहिलंय. होम्स सांगतो, हा जर्मन शब्द आहे, अर्थ सूड. अनुवादात भिंतीवर देवनागरी ‘राखे’ उमटलं की लेस्ट्रेड उगाचच मूर्ख ठरतो. ‘राखे’वरून ‘रेचल’ कुणाला सुचणार? शिवाय त्यातला ‘ए’ जर्मन वळणाचा आहे, हाही पुरावाच. तळटीप देऊन हे सावरत नाही. लेस्ट्रेडनेच एकेक अक्षर मोठ्याने वाचावं, म्हणजे वाचकही त्याच्यासोबत चुकतो. याच कादंबरीच्या दुसऱ्या भागात पहिली पाच प्रकरणं होम्स गायब असतो आणि वाचन रेंगाळतं. तो बोल मात्र डॉयललाच लावा.

‘द स्पेकल्ड बँड’ या १८९२च्या कथेतला साप शिट्टीला परत येतो आणि दुधाला सोकावलेला असतो. बत्तीस शिराळ्याच्या जिल्ह्यात हे कोण मानेल? ही चूकही मूळचीच. पण ‘बँड’ म्हणजे पट्टी आणि टोळीही, म्हणून सापाला पाहून मरणाऱ्या मुलीने उच्चारलेल्या ‘स्पेकल्ड बँड’ (ठिपक्यांचा बँड) या शब्दांवरून संशय आवारातल्या भटक्या जिप्सींवर जातो. हा श्लेष मराठीत येत नाही. तरी वाट आहे: जिप्सींच्या डोक्याला ठिपक्यांचे रुमाल असतात, असं मूळ कथेतच म्हटलंय. ‘ठिपक्यांची पट्टी’ असं केलं, तर रुमालही डोळ्यांपुढे येतो आणि सापही लपून राहतो.

सगळ्यात अवघड जागा आपल्या व्याकरणात आहे. इंग्रजीत खुनी आत येतो तेव्हा बाई की पुरुष हे क्रियापद सांगत नाही. मराठीत ‘आला’ म्हटलं की घरातल्या सगळ्या बायका संशयातून सुटल्या, आणि खुनी बाई निघाली तर अनुवादक वाचकाशी खोटं बोलला. ‘आली’ म्हटलं तर तिथेच पुस्तक संपलं. जाणता अनुवादक इथे कर्मणी प्रयोग वापरतो. ‘कुणीतरी दार उघडलं’ यात क्रियापद दाराचं लिंग घेतं, माणसाचं नाही. अकर्मक क्रियापद टाळता येत नसेल तर ‘कुणीतरी आत आलं’ असं नपुंसकलिंग चालतं, किंवा ‘एक सावली जिना उतरली’, कारण सावली पुरुषाचीही स्त्रीलिंगीच. पुढच्याच ओळीत सवयीने ‘त्याने मागे वळून पाहिलं’ असं येतं का, ते मात्र तपासा. बरेच अनुवाद तिथे सापडतात.