वही पुन्हा उघडताना

नमस्कार श्रोतेहो.

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं, असं ठरवलेल्या घरातले पहिले दोन-तीन महिने फार छान जातात. भिंतीवर स्केचपेननं रंगवलेलं वेळापत्रक लागतं, नवा पृथ्वीचा गोल येतो, बालभारतीची पुस्तकं कव्हर घालून रांगेत बसतात. मग गणपती बसतात. गौरी येतात, त्यांच्यापाठोपाठ नणंद येते, तिची पोरं येतात. त्यानंतर कुणाला तरी ताप येतो. दिवाळी येते. आणि तुळशीचं लग्न आटोपल्यावर कधीतरी त्या वेळापत्रकाकडे लक्ष जातं आणि पोटात गोळा येतो. गेल्या महिन्याभरात त्यातलं काहीसुद्धा झालेलं नसतं.

बऱ्याच घरांचा धीर इथंच सुटतो. 'आपल्याच्यानं हे व्हायचं नाही' असं वाटायला लागतं. आज मला बोलायचंय ते या जागेबद्दल. घरच्या शिक्षणात खंड पडणारच. तो पडू नये म्हणून जीव आटवण्यापेक्षा, खंडानंतर वही पुन्हा उघडणं सोपं कसं होईल ते बघावं. शाळेत हे काम घंटा करते. सुट्टी संपली, घंटा झाली, पोरं वर्गात. शिक्षकांचं मन लागो न लागो, तास सुरू होतो. घरी ती घंटा आपण, आणि सणावाराच्या कामानं आपणच दमलेलो असतो.

यात सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे राहिलेलं भरून काढायची घाई. पहिल्याच दिवशी पोरांना चार तास बसवलं, तर दुसऱ्या दिवशी ती पलंगाखाली सापडतात. आमच्याकडे खंडानंतरचा पहिला दिवस फक्त मोठ्यानं वाचायचा. अर्धं पान मी, अर्धं पान मुलगी, दोन ओळी धाकटा. झालं, वही मिटली. दुसऱ्या दिवशी पाच गणितं, तीही येणारी. हे फार कमी आहे असं वाटतं, मलाही वाटायचं. पण सकाळी चहानंतर पोरं आपणहून सतरंजीवर येऊन बसायला लागली की बाकीचं ओढून न्यायला वेळ लागत नाही.

आता धीर. मराठी मुलाला ऐकून आकडे लिहायला सांगा. 'त्रेसष्ट' म्हटलं की ते आधी तीन लिहितं, मग सहा. झाले छत्तीस! त्याचं चुकतं तरी काय? कानावर तीन आधी पडलेत. 'एकोणसत्तर' म्हटलं तर त्याहून पंचाईत. ऐकू येतात सत्तर, लिहायचे साठ नि नऊ. हे कसंबसं पचनी पडून एकोणऐंशी, एकोणनव्वद झालं, आता पोरगं मोठ्या खुशीत 'एकोणशंभर' म्हणतं, तर आपण सांगायचं, नाही रे बाळा, नव्व्याण्णव. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या बरोबरीनं 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल तुम्हाला. त्यावर विनोद करणाऱ्यांपैकी कितीजणांनी सात वर्षांच्या पोराकडून एकोणऐंशी लिहून घेतले असतील, कुणास ठाऊक. ती पद्धत मला पूर्ण पटली असं नाही, पण अडचण खरी होती.

आमचा धाकटा एकोणसत्तरला ७९ लिहायचा. तीनदा समजावून झालं की चौथ्या वेळी आपला आवाज आपोआप चढतो. आणि आवाज चढला की पोरगं पाटीकडे बघायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतं. मग ते उत्तर शोधत नाही, आपल्या भुवयांवरून अंदाज काढतं. 'एकाहत्तर? ... मग नव्वद?' ही खूण ओळखायला शिकलं पाहिजे. तिथं पाटी खाली ठेवायची, त्या दिवसापुरता एकोणसत्तर बंद. आम्ही नंतर दहाच्या सहा नोटा आणि एक-एक रुपयाची नऊ नाणी घेऊन बसलो. आणखी एक रुपया टाकला की नाण्यांच्या बदली एक नोट मिळते आणि सत्तर होतात. म्हणजे सत्तराला एक कमी, तो एकोणसत्तर. त्याला ते समजलं, पण लिहिताना चुकतच राहिला. बरेच दिवस. मग एकदा चुकायचा थांबला. नोटांमुळे थांबला की वयामुळे, ते मला सांगता येणार नाही. शाळेतल्या बाईंना चाळीस पोरांत एकासाठी असं थांबून राहणं जमत नाही, हा त्यांचा दोष नाही. आपल्याला जमतं. घरी शिकवण्याचा फायदा म्हणाल तर हाच, आणि तोच आपण घाईनं घालवतो.

काही शिकवणं तर आपल्या हातातच नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत गणिताचं पुस्तक कपाटात राहिलं तरी चालतं. सकाळी उठल्या उठल्या घरोघरी एकच प्रश्न, 'आयर्विनला किती झालं?' कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फूट म्हणजे इशारा पातळी, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. आमच्याकडे तेव्हा एका वहीत रोज पातळी लिहितात. ३८ फूट ९ इंच होती, ७ इंच चढली, आता किती? धाकट्यानं उत्तर दिलं, ३८ फूट १६ इंच. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, 'अरे, बारा इंचांचा फूट रे.' त्यानं बोटं मोजली आणि ३९ फूट ४ इंच लिहिलं. दहाचा हातचा सोडून बाराचाही हातचा असतो, हे त्याला माझ्याकडून नाही, कृष्णेकडून आणि आजीकडून कळलं. मुलगी मोठी, तिनं त्याच आकड्यांचा आलेख काढला आणि कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी कुठल्या दिवशी आली, ते खाली लाल पेननं लिहिलं. आलेखाच्या कागदावर २०१९ सालच्या पुराची रेघ मारायला गेली तर कागद पुरेना. ५७ फुटांच्या वर गेलं होतं पाणी. त्या वर्षी आम्हीही घर सोडलं होतं. परत आल्यावर चिखल काढण्यात आणि पुस्तकं वाळवण्यात किती दिवस गेले, आणि कसला अभ्यास न् कसलं काय.

लोकांचं म्हणाल, तर लग्नाकार्यात पोरांना पहिला प्रश्न असतो, 'कितवीत आहेस?' माझी मुलगी एका मावशींना म्हणाली, 'मराठीत आठवीत, गणितात सहावीत.' मावशी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की जेवणाचा घास घशातच अडकला. पण मला त्यांचा राग येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचं घराणं आपल्या वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. त्यांनी १९१९ साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, खेड्यापाड्यांतली पोरं गोळा करून वसतिगृहात ठेवली, शिकवली. ज्यांच्या आज्या-पणज्यांना शाळेची पायरी चढता आली नाही, त्यांना पोर शाळेतून काढणं म्हणजे माजच वाटणार. त्यांना पटवत बसू नये. पोरं काय करतात ते दिसलं की काहींचं मत बदलतं, काहींचं नाही बदलत.

आणि हेही सांगते, हे प्रत्येक घरानं करण्यासारखं नाही. दोघंही नोकरीला असतील, घरात वडीलधारं कुणी नसेल, तर जवळची चांगली शाळाच बरी. संध्याकाळी आमराईत किंवा गल्लीत खेळायला सोबती नसतील तर पोर एकलकोंडं होतं. त्याला दहा पुस्तकांचाही उपाय नाही.

आता कागदपत्रांचं, कारण ते नक्की विचाराल. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत शिक्षण देण्याची जबाबदारी तो सरकारवर टाकतो. घरी शिकवण्याला त्यात थेट परवानगी नाही आणि थेट बंदीही नाही. दहावीला शाळेत न जाता बाहेरून बसण्यासाठी आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, त्याच्या अटी आधी नीट वाचाव्यात. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. तिला सगळे एनआयओएस म्हणतात. दहावीला किमान वय चौदा, माध्यम मराठीही घेता येतं. आठवीचा दाखला नसेल तर आपण दहावीचा अभ्यास झेपेल इतकं शिकलोय असं स्वतःचं लेखी निवेदन चालतं. विषय पाच, त्यात निदान एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एकदा प्रवेश घेतला की तो पाच वर्षं टिकतो. त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि पाचही विषय एकदम द्यावे लागत नाहीत. पास झालेला विषय सुटला, राहिलेला पुढच्या वेळी.

आमच्या मुलीनं यंदा तिथं नाव घातलंय. पाचही विषय एकाच झटक्यात उरकावेत असं तिच्या वडिलांना वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही. पण ऑक्टोबरात ती मराठी आणि विज्ञान असे दोनच पेपर देणार आहे. गणित तिनं एप्रिलवर ठेवलंय, आणि त्याचं वेळापत्रक ती स्वतः करतेय. मी अजून ते बघायला मागितलेलं नाही.

नमस्कार.