दारुहळद, जिवाणूंचे पंप आणि जुनी प्रतिजैविकं

मंडळी, अशा व्याख्यानानंतर हमखास येणारा प्रश्न मी आधीच घेतो. आपल्या झाडपाल्यात एवढे गुण आहेत, तर औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर तो का चालत नाही? प्रश्न रास्त आहे, निकडीचाही आहे. २०१९ या एका वर्षात अशा जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अंदाज आहे.

प्रयोगशाळेत काय करतात ते आधी सांगतो. पेट्री डिश म्हणजे काचेची चपटी बशी, तिच्यातल्या जेलीसारख्या आगरवर जिवाणू कापसाच्या बोळ्याने सारखे पसरायचे, आगरला एक खळगा पाडायचा, त्यात अर्काचे थेंब सोडायचे आणि डिश रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी जिवाणूंच्या दुधाळ थरात खळग्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं, म्हणजे तिथे जिवाणू वाढले नाहीत. लसूण घ्या, लवंग घ्या, वर्तुळ येतं, आणि लगेच बातमी होते. पण अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल, तर ते वर्तुळ अल्कोहोलचंही असू शकतं. म्हणून शेजारच्या खळग्यात नुसतं अल्कोहोल घालून पाहावंच लागतं. दुसरी अडचण मात्रेची. चांगलं प्रतिजैविक मिलिलीटरला एखाद्या मायक्रोग्रॅममध्ये जिवाणूंची वाढ थांबवतं. कच्च्या अर्काला बहुतेक वेळा शेकडो मायक्रोग्रॅम लागतात. एवढा अर्क रुग्णाच्या रक्तात सुखरूप पोचवणार कसा?

मग वनस्पती स्वतःचं रक्षण कशी करतात? इथे मला दारुहळदीच्या कुळाची गोष्ट फार मोलाची वाटते. काष्ठौषधींच्या दुकानात दारुहळदीचा तुकडा मिळतो. तो मोडून पाहा, आतून पिवळाधमक असतो. हा रंग बर्बेरिन या रसायनाचा. बर्बेरिन जिवाणूंना मारू शकतं, पण स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूच्या आवरणात नॉर-ए नावाचा पंप असतो. होडीत शिरलेलं पाणी नावाडी उपसत राहतो, तसा हा पंप आत आलेलं बर्बेरिन बाहेर फेकत राहतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविकंही तो अशीच फेकतो.

२००० साली अमेरिकेत फ्रँक स्टर्मिट्झ, किम लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारुहळदीच्या तिकडच्या भाऊबंदांमध्ये आणखी एक रेणू शोधला, ५-प्राइम-मेथॉक्सिहिड्नोकार्पिन. नाव अवघड आहे, काम मात्र सोपं. एकटा असताना तो जिवाणूचं काहीच बिघडवत नाही, फक्त पंप अडवतो. पंप अडला की बर्बेरिन आत साठतं आणि जिवाणूची वाढ थांबते. म्हणजे त्या झाडाने मारणारा आणि त्याची वाट मोकळी करणारा, असे दोघेही तयार ठेवले होते. नुसत्या वर्तुळाच्या परीक्षेत हा दुसरा रेणू 'निरुपयोगी' म्हणून बाहेर पडला असता! हाच रेणू कुष्ठरोगावर पूर्वी वापरल्या जाणाऱ्या चालमोगरा तेलात आधी सापडला होता. त्या तेलाच्या कुळातलं एक झाड आपल्या कोकणात आहे, कडूकवठ.

म्हणूनच माझं म्हणणं असं, की वनस्पतींकडून नव्या पेनिसिलिनची अपेक्षा धरण्यापेक्षा निकामी होत चाललेली आपली औषधं पुन्हा चालती करणारे सोबती त्यांच्यात शोधावेत.

वाट सोपी नाही, हेही सांगायला हवं. सर्पगंधेतलं रिसर्पिन नॉर-ए अडवतं. पण त्यासाठी लागणारी मात्रा माणसाला झेपणारी नाही. रक्तदाब खाली आणणारं आणि मेंदूवर परिणाम करणारं औषध आहे ते. मिऱ्यातलं पायपरिन प्रयोगशाळेत हाच पंप अडवतं. क्षयरोगावरच्या 'रिसोरिन' या भारतीय औषधातही पायपरिन आहे, मात्र तिथे त्याचं काम वेगळं. रिफॅम्पिसिन हे क्षयावरचं प्रतिजैविक शरीरात जास्त प्रमाणात उतरावं म्हणून पायपरिन घातलं, आणि ४५० मिलिग्रॅमऐवजी २०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन त्यात ठेवलं. हाच गुण घरात उलटू शकतो. फिटांवर फेनिटॉइन घेणाऱ्याने पायपरिनच्या कॅप्सूल सुरू केल्या, तर फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. तेव्हा काढे, चूर्णं, कॅप्सूल, जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगा. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं प्रतिजैविक सोडून काढ्यावर राहू नका. रक्तात पसरलेला संसर्ग काही तासांत जीव घेऊ शकतो.

इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना एक सांगणं आहे. वनस्पती आधी वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळखून घ्या. दारुहळद म्हणून बाजारात झाडहळदही विकली जाते. बर्बेरिन दोन्हींत असतं, त्यामुळे पिवळ्या रंगावर भिस्त ठेवू नका. मग ९६ खळग्यांची प्लेट घ्या आणि प्रत्येक खळग्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस सोडा. आडव्या दिशेने सिप्रोफ्लॉक्सॅसिन निम्म्या-निम्म्याने कमी करत जा, उभ्या दिशेने अर्क. जिवाणूंची वाढ थांबवायला लागणारी सिप्रोफ्लॉक्सॅसिनची मात्रा अर्काच्या सोबतीने चौथाईवर किंवा त्याखाली आली, तर हाती काही तरी लागलं आहे. मग तोच प्रयोग नॉर-ए काढून टाकलेल्या जिवाणूवर करा. तिथे अर्काचा फायदा नाहीसा झाला, तर तो पंपच अडवत होता असं म्हणायला तुमच्याकडे आधार असेल.