दोन खेळ आणि डिग्री, एकाच पोरीला जमतंय कसं?

नमस्कार मंडळी! आमच्या बेळगाव भागात घराघरात एक वाक्य ऐकू येतंय, "एकतर खेळ, नाहीतर शिक." आणि पोरगी एक सोडून दोन खेळ खेळायला लागली की मग तर बोलायलाच नको, आईबाबा सोडा, शेजारचेपण समजवायला येतात.

तर आधी एक नाव सांगतो, मलप्रभा जाधव. बेळगावजवळच्या आपल्या तुरमुरीची. 2018 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये 52 किलो गटात ब्राँझ आणलं तिनं, आणि ती मुळात ज्युदोची खेळाडू! हे जमलं कसं ते नीट बघा की. कुराश म्हणजे उझबेकिस्तानकडची कुस्ती, सगळी उभ्यानं खेळायची, जॅकेट धरून समोरच्याला पाठीवर टाकायचं, खाली पडल्यावर झटापट नाही, पट्ट्याच्या खाली हात घालायचा नाही. ज्युदोत थ्रो आहेत, शिवाय खाली पडल्यावरची पकडपण आहे. म्हणजे ज्युदोवाल्याला शून्यापासून शिकायला लागत नाही, समोरच्याचा तोल कसा काढायचा ते अंगात आलेलं असतं, थोड्या सवयी तेवढ्या सोडायच्या.

म्हणून मी म्हणतो, दोन खेळ म्हणजे दुप्पट मेहनत असं काही नाही, खेळ कुठले जोडलाय त्यावर आहे सगळं. कबड्डी आणि खो-खो घ्या. दोन्हीत सूर मारणं, झटकन वळणं, काही सेकंदांचा पूर्ण जोर आणि परत दम घेणं. असा जोर लावताना स्नायूत आधीच साठलेली ऊर्जा वापरली जाते, ती साधारण 10 सेकंदांत संपत येते आणि भरून यायला काही मिनिटं लागतात. त्यामुळं छोट्या स्प्रिंटचा एकच सराव दोन्हीकडं उपयोगी पडतो. पण गुडघापण एकच आहे हां! कबड्डीचे सर सकाळी पळवतात, खो-खोचे सर संध्याकाळी, आणि दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत, इथंच पोरं जायबंदी होतात. आठवड्याचं एकच वेळापत्रक दोघांना दाखवा, त्यात एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि ती मागायला लाजू नका.

आता अभ्यास. माझ्या ओळखीची एक पोरगी आहे, खानापूरकडची, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता इंग्लिशमधनं बीएस्सी करतीय, हेच दोन खेळ, आणि एकही विषय बॅक नाही. तिनं झोप कधी कापली नाही. वाचलेलं डोक्यात बसतं ते झोपेतच आणि दुखलेलं अंग भरतं तेपण झोपेतच, तेव्हा रात्री दोनपर्यंत जागून दोन्हीकडनं तोटा. सीबीटीवरनं, म्हणजे बेळगावच्या बसस्टँडवरनं, गाडी सुटली की ती नवे शब्द पाठ करते, गणितं मात्र घरी, टेबलावर.

आणि सगळ्यात मोठी अडचण, झोनल म्हणजे विभागाच्या स्पर्धा आणि इंटर्नल्स म्हणजे कॉलेजच्या आतल्या परीक्षा, दोन्ही एकाच आठवड्यात! माझी दोन इंटर्नल्स अशीच बुडाली, येऊन विनवण्या केल्या, परत घेतली नाहीत, अजून सलतंय ते. ही पोरगी काय करते, टीम लिस्ट लागली की त्याच दिवशी पीई, म्हणजे खेळाच्या सरांच्या सहीचं पत्र घेते, झेरॉक्स काढून प्रत्येक विषयाच्या मॅडमना स्वतः नेऊन देते, आणि एक प्रत पोच घेऊन आपल्याकडं ठेवते. जायच्या आधी हां, आल्यावर नव्हे.