शेडमधला बंब आणि गोदावरीचं पाणी

आपल्याकडच्या नेहमीच्या बंबात साधारण ४,५०० लिटर पाणी मावतं. पंप मिनिटाला २,२५० लिटरने सोडला, तर टाकी दोन मिनिटांत रिकामी. त्यानंतर सगळी भिस्त टँकरच्या खेपांवर. १ जानेवारी २०२३ ला इगतपुरीजवळ मुंढेगावच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली, तेव्हा नाशिकसह आजूबाजूचे बंब धावले. अशा वेळी आगीशी झुंजणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त छळतं ते ज्वाळांपेक्षाही पाण्याचं तुटणं. नोझलमधला जोर गेला की हातातला होज, म्हणजे पाण्याची जाड नळी, लुळा पडतो आणि मागे हटावं लागतं.

यावर उपाय म्हणजे उच्च क्षमतेचा पंप. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने १९६५ साली ‘सुपर पंपर’ आणला. त्याला २,४०० अश्वशक्तीचं, रेल्वे आणि नौदलाच्या बोटींत वापरलं जाणारं इंजिन बसवलेलं होतं आणि तो मिनिटाला सुमारे ३३,००० लिटर पाणी फेकायचा. एका वेळी आठ हायड्रंटमधून (रस्त्याकडेच्या आगीसाठीच्या नळांतून) किंवा थेट नदीतून पाणी घ्यायचा. १९८२ पर्यंत तो सेवेत होता, आणि सेवेत म्हणजे खरोखर रस्त्यावर. त्याचं स्वतःचं पथक होतं, सोबत होज आणि मॉनिटर (पाण्याचा मोठा झोत फेकणाऱ्या तोफा) वाहणाऱ्या वेगळ्या गाड्या होत्या, मोठ्या आगीची वर्दी आली की तो ठरल्याप्रमाणे निघायचाच. बोलवायचं की नाही यावर फोनाफोनी होत नव्हती.

आता आपल्याकडचं सांगतो. शहराचं नाव घेत नाही. तिथल्या केंद्रात मागच्या शेडमध्ये असाच एक मोठा पंपर उभा होता. चालकाच्या सीटवर कारखान्याचं प्लॅस्टिक तसंच. होजच्या गुंडाळ्यांना कंपनीच्या पट्ट्या बांधलेल्या. मी खाली वाकून सक्शनची, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळीच्या टोकाची, जाळी पाहिली. नदीत एकदा उतरलेल्या जाळीला गाळाचा डाग, दगडाचा ओरखडा असतोच. हिचा रंगही उडाला नव्हता. बॅटरीची वायर काढून ठेवलेली. बोनेटवर लोकार्पणाच्या हाराचा सुकलेला दोरा तेवढा राहिलेला.

तिथल्या कर्मचाऱ्यांना मी दोष देणार नाही. फायरमन कामचुकार नसतो. वर्दी वाजली की जेवणाच्या ताटावरून उठणारी ही माणसं आहेत. गाडी पडून राहते ती कागदांमुळे. निविदेत गाडी असते, माणसं नसतात. आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, तिच्या यंत्रचालकाचं पद नसतं. पुरवठादार दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन जातो, शिकलेला माणूस वर्षभरात दुसऱ्या केंद्रावर बदलून जातो. वार्षिक देखभालीचा करार एकदा संपला की नूतनीकरणाची फाईल फिरत राहते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हा पंप पाणी कुठून घेणार हे कुणी ठरवलेलंच नसतं. मिनिटाला ७,००० लिटर ओढणाऱ्या पंपासमोर नेहमीचा बंब उभा केला, तर तो चाळीस सेकंदही पुरत नाही. त्याला नदी लागते, कालवा लागतो, तलाव लागतो.

तेही वाटतं तितकं सोपं नाही. गाडीवरचा पंप खालचं पाणी वर खेचतो ते हवेच्या दाबाच्या जोरावर. पुस्तकात ही मर्यादा १० मीटरच्या आसपास आहे, प्रत्यक्षात ७ मीटरच्या पुढे फार आशा धरू नये. म्हणजे काठ उंच असेल, गाडी पाण्याजवळ जात नसेल, तर पंप कितीही मोठा असो, उपयोग शून्य. सक्शनच्या एका जोडातून हवा शिरली तरी पाणी चढत नाही. शिवाय १५० मिलिमीटर व्यासाचा होज किलोमीटरभर अंथरला की नुसता तो भरायलाच साडेसतरा हजार लिटरच्या वर पाणी लागतं, आणि भरलेला होज कुणी हलवू शकत नाही. कोणता रस्ता बंद करायचा, होज कुठून न्यायचा, हे आधीच पायी फिरून ठरवावं लागतं.

उभं ठेवलेलं यंत्र जसंच्या तसं राहत नाही, हेही लक्षात घ्या. सील कोरडं पडून कडक होतं आणि नेमक्या गरजेच्या दिवशी गळतं. व्हॉल्व्ह जाम होतात. टायर एकाच जागी दबतात. आणि गाडीचं वय तर शेडमध्येही वाढतंच. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपुढच्या सरकारी आणि पालिकांच्या गाड्यांची नोंदणी रद्द करण्याचा नियम लागू झाला. पंप किती चालला, हे तो नियम विचारत नाही.

नुसतं राखीव असणं वाईट नाही. ब्रिटनने १९५० च्या दशकात बांधलेले ‘ग्रीन गॉडेस’ बंब १९६८ नंतर गोदामात गेले. पण त्यांची निगा राखली गेली, म्हणून १९७७ च्या आणि २००२ च्या फायरमनांच्या संपात लष्कराने ते बाहेर काढले आणि ते चालले. पुढे त्याच देशाने मिनिटाला ७,००० लिटरचे पंप ठिकठिकाणी ठेवले. डिसेंबर २००५ मध्ये बन्सफील्डचा तेलसाठा पेटला तेव्हा ते कामी आले. २००७ च्या पुरात ग्लॉस्टरजवळचं वीज उपकेंद्र वाचवायलाही तेच पंप उपसा करत होते.

हा उपसा आपल्या नाशिकसाठी फार महत्त्वाचा आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरी कशी चढली, पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीपाशी पाणी कुठवर आलं, सराफ बाजारात किती शिरलं, हे इथल्या प्रत्येकाने पाहिलंय. दर पावसाळ्यात तळघरांत पाणी साचतं. म्हणजे या पंपाला वर्षातून एकदाच्या महाआगीची वाट पाहत बसायची गरजच नाही. पावसाळ्यात तो उपशाला लावा. यंत्र चालतं राहील, माणसांचा हात बसेल.

आणि सिंहस्थ कुंभमेळा आता दारात आहे. तपोवनात साधुग्रामची तंबूंची वस्ती उभी राहील, सगळीकडे कापड, बांबू आणि गॅसच्या शेगड्या. तिथून नदी जवळ. होळकर पूल, गाडगे महाराज पूल, तपोवन या भागात पंप नेमका कुठे उतरेल, उन्हाळ्यात तिथे पाणी किती खोल असतं, हे आत्ता मोजून ठेवायला हवं. मनमाडजवळ पानेवाडीला तेलाचे डेपो आहेत. जयपूरचा डेपो २००९ मध्ये पेटला, तो आठवडाभराहून जास्त जळत राहिला होता. तसा प्रसंग आला तर आपला पंप तिकडे कोण नेणार, किती वेळात, हे आधी लिहून ठेवलेलं हवं.

जुन्या नाशकातल्या भद्रकालीसारख्या बोळांत हा अवजड बंब जाणार नाही, हे खरं. तिथे छोट्या गाड्याच हव्यात. पण मोठ्याने लांब उभं राहून छोट्यांना पाणी पुरवायचं असतं.

आपण नागरिकांनी काय करायचं, असं मगाशी कुणीतरी विचारलं. पालिकेने उद्या असं वाहन घेतलं, तर लोकार्पणाला जरूर जा. मग सहा महिन्यांनी माहिती अधिकारात एक अर्ज टाका. त्यात तीनच गोष्टी मागा: गाडीच्या लॉगबुकची प्रत, पंपाच्या तास मोजणाऱ्या मीटरचा आकडा, आणि ती चालवू शकणारे किती जण कोणत्या पाळीत आहेत त्याचा तक्ता.