वर बघणाऱ्या माणसासाठी स्टूल

श्रोतेहो, नमस्कार.

कपाटावरची बॅग काढायची असते आणि हात पुरत नाही. मग आपण जवळची खुर्ची ओढतो. चाकांची असली तरी ओढतो! एक पाय खुर्चीवर, एक हात कपाटाच्या कडेला आणि घरातल्या कुणाला तरी हाक, "अगं, जरा धर गं." त्या धरणाऱ्या माणसाची सुटका करणारी एक वस्तू आहे. दोन पायऱ्यांचं लाकडी स्टूल. कुणी तिला घडवंची म्हणेल. करवत, रंधा, लाकूड कोरायची पटाशी आणि काटकोन धरायचा गुण्या एवढ्या हत्यारांवर ती घरी करता येते. मी आजवर तीन केली. पहिलं मोडलं, दुसरं डुगडुगलं, तिसऱ्यावर मी चढते.

बसायचं स्टूल डुगडुगलं तर माणूस उठतो, खाली बघतो, पायाखाली कागदाची घडी सारतो आणि परत बसतो. चढलेल्या माणसाला ही सोय नाही. त्याची नजर वर असते, दोन्ही हात गुंतलेले असतात. उतरताना त्याचा पाय मागे चाचपडतो, आणि त्या पायाला वाटतं तिथेच पायरी असावी लागते. स्टुलाची सगळी मापं, सांधे, अगदी शेवटचं तेलसुद्धा, या न बघणाऱ्या माणसाकडे बघून ठरवायचं.

मापं म्हणाल तर जमिनीपासून पहिली पायरी 21 सेंटिमीटर आणि तिथून दुसरी तेवढीच, म्हणजे एकूण 42. दोन्ही चढ सारखेच हवेत, कारण पहिली उंची कळली की दुसरी पाय आपोआप धरून चालतो. पायरी 22 सेंटिमीटर रुंद, 40 लांब, फळी दोन सेंटिमीटरहून जराशी जाड. एक मोह मात्र टाळा. वरची फळी दोन्ही अंगांनी चार-चार बोटं बाहेर काढली की दिसते छान, पण तिच्या टोकावर कुणी एका पायाने उभं राहिलं तर भार टेकलेल्या पावलांच्या बाहेर पडतो आणि स्टूल उलटतं. बाजूंना एक-दीड सेंटिमीटर पुरे, मागे तेवढंही नको. आता कुणी म्हणेल, तीन पायांचं करा, ते कधीच डुगडुगत नाही. खरं आहे, तीन टोकं कुठल्याही जमिनीवर टेकतातच. पण दोन पायांच्या मधल्या मोकळ्या अंगाला भार गेला की ते सहज कलंडतं. बसायला ठीक, चढायला नको.

माझा आराखडा साधा आहे. दोन उभ्या बाजू, खालून कमान कापलेल्या, म्हणजे प्रत्येक बाजूला पुढे एक आणि मागे एक पाऊल. त्यांच्यात अडकवलेल्या दोन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीच्या पोटाखाली एक आडवी पट्टी. बाजू तिरक्या केल्या तर स्टूल अधिक भक्कम होतं, पण मग एकही काटकोन उरत नाही. पहिल्या खेपेला ताठच ठेवा.

आता माझ्या पहिल्या स्टुलाची गोष्ट. माझ्याकडे एक रुंद फळी होती. बाजूंचे दोन्ही तुकडे तिच्यावर आडवे आखले तर नेमके बसत होते, उभे आखले तर वीतभर फळी कमी पडत होती. मी आडवे आखले. चांगली फळी वाचवल्याचा आनंदही झाला. स्टूल झालं, त्यावर चढून झालं, आणि एके दिवशी ते फरशीवरून ओढताना पुढचं पाऊल फरशांच्या सांध्यात अडकलं. खडू मोडावा तसा टक् आवाज आला आणि तीन बोटं रुंदीचा तुकडा वेगळा पडला. वर कुणी उभंसुद्धा नव्हतं.

झालं होतं असं. लाकूड म्हणजे काड्यांची मोळी. झाड उभं असताना ज्या दिशेने पाणी वर चढतं त्या दिशेने या काड्या असतात, फळीवर त्या रेषांसारख्या दिसतात. काडी लांबीत ओढून तोडायची तर महाकठीण, पण दोन शेजारच्या काड्या एकमेकींपासून सोडवणं सोपं. माझ्या पावलात रेषा आडव्या होत्या. म्हणजे ते पाऊल शेजारच्या काडीला नुसतं चिकटून उभं होतं. बाजूच्या फळीत रेषा उभीच हवी, मग कितीही फळी वाया जावो.

उभ्या रेषेचा दुसरा फायदा मला नंतर कळला. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, पण रुंदीत. लांबीत जवळपास नाहीच. सागवानाची 22 सेंटिमीटर रुंद फळी दमट आणि कोरड्या दिवसांत एक-दोन मिलिमीटरने कमी-जास्त होते. पायरीची रुंदी पुढून मागे जाते. बाजूच्या फळीत रेषा उभी असेल तर तिचीही रुंदी पुढून मागेच जाते. दोघी बरोबर फुगतात, बरोबर आकसतात, म्हणून सांधा बिनधास्त ग्लूने चिकटवता येतो. हाच हिशेब विसरून काही जण मजबुतीसाठी पायरीच्या पोटाला रेषेच्या आडवी पट्टी ग्लू आणि स्क्रूने आवळून बसवतात. पट्टी हलत नाही, पायरीला हलायचं असतं, शेवटी पायरी मधोमध चिरते. माझी पट्टी पायरीच्या लांबीत जाते, रेषेला रेष.

ही पट्टी काढून टाकली तर काय होईल, ते पुठ्ठ्याच्या खोक्यावरून बघा. खोक्याचं झाकण आणि तळ उघडला की ते बाजूला दाबताच चपटं होतं. दोन बाजू आणि दोन पायऱ्यांचं स्टूलही तसंच उघडं खोकं आहे. पट्टी त्याला डावी-उजवीकडे झुकू देत नाही. मी पट्टीच्या टोकाला कुसू काढते, म्हणजे ते टोक कापून बारीक करते, ते बाजूच्या भोकातून आरपार नेते, कुशाच्या टोकाला चीर देते आणि त्यात पाचर ठोकते. पाचर बाजूच्या रेषेला आडवी बसली पाहिजे. रेषेतच बसवली तर ती कुशाला फाकवता फाकवता बाजूची फळीही चिरते. ही युक्ती किती जुनी असावी? जर्मनीत लाइपझिगच्या परिसरात ओकच्या फळ्यांनी बांधलेल्या विहिरी सापडल्या आहेत. त्यांची झाडं इसवी सनापूर्वी 5469 ते 5098 या काळात तोडलेली होती, हे लाकडातल्या वार्षिक वलयांवरून ठरलं. त्यांत कुसू आणि पाचर दोन्ही आहेत, आणि हत्यारं दगडाची!

पायऱ्या बसतात त्या बाजूंमध्ये कोरलेल्या खोबणीत. खोली सात मिलिमीटर, म्हणजे फळीच्या साधारण एक तृतीयांश. खोबण आखताना पेन्सिल बाजूला ठेवा आणि गुण्याला टेकवून धारदार चाकूने रेघ ओढा. एकदा हलकी, एकदा जोर देऊन. पेन्सिलीची रेघ नुसती दिसते, चाकूची रेघ काड्या तोडते, आणि पटाशीचं टोक तिच्यात आपसूक येऊन बसतं. मग दोन्ही कडांना करवत, मधलं लाकूड पटाशीने. पायरी खोबणीत हाताच्या दाबाने जायला हवी. हातोडा लागत असेल तर घट्ट झाली, स्वतःहून पडत असेल तर नव्या फळीची तयारी ठेवा.

ग्लू लावायच्या आधी सगळं एकदा कोरडं जोडून बघा. पांढरा ग्लू पाच-दहा मिनिटांत घट्ट व्हायला लागतो, तेव्हा सांधे आवळून धरणारे क्लॅम्प शोधत फिरायला वेळ नसतो. पसरायला मी त्या पहिल्या स्टुलाचा मोडका तुकडा वापरते. बाहेर आलेला ग्लू ओल्या फडक्याने पुसू नका, तो पातळ होऊन लाकडात मुरतो. अर्ध्या तासाने रबरासारखा झाला की पटाशीने सोलून काढा.

स्टूल डुगडुगत असेल तर एकेक पाऊल कापत बसू नका. दुसरं स्टूल मी असंच 42 चं 40 वर आणलं आणि तरीही ते डुगडुगतच राहिलं. अगदी सपाट जागेवर ठेवा, पावलांखाली चकत्या सारून स्थिर करा, मग पातळ फळीवर पेन्सिल आडवी ठेवून चारही पावलांभोवती एकाच उंचीची रेघ फिरवा आणि त्या रेघेवर कापा. पावलांच्या खालच्या कडा कानशीने जराशा मारा, नाहीतर ओढताना त्यांच्या ढलप्या उडतात.

मग पॉलिश पेपर. आधी 80 नंबरचा खरखरीत, मग 120, शेवटी 180 चा बारीक, आणि नेहमी रेषेच्या दिशेने. त्यानंतर सगळ्या स्टुलावरून ओलं फडकं फिरवा. दोन कामं होतात. राहून गेलेला ग्लू फिकट डागासारखा दिसतो, आणि दबलेले तंतू उठून उभे राहतात. वाळल्यावर 180 चा पेपर हलकेच फिरवला की ते जातात.

शेवटच्या हातासाठी मी जवसाचं तेल घेते, बाजारात 'बॉइल्ड' म्हणून मिळतं ते. स्वयंपाकाची बरीचशी तेलं वाळत नाहीत, चिकट राहतात. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. पातळ लावा, वीस मिनिटं थांबा आणि उरलेलं सगळं पुसून काढा, अगदी कंजूषपणे. असे तीन हात, मध्ये एकेक दिवस. पावलांच्या तळांना मात्र पिऊ द्या हवं तितकं, ओल तिथूनच शिरते. पायऱ्यांवर मेण किंवा चकचकीत पॉलिश नको. आरशासारखी पायरी आणि पायात मोजे, पुढचं सांगायला नको.

आणि तेल पुसलेल्या चिंध्या. त्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना ऊष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता चिंधी पेटते. 23 फेब्रुवारी 1991 रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीला आग लागली ती अशाच, जवसाच्या तेलाच्या चिंध्यांनी. आग विझवताना तीन जवान गेले. चिंध्या मोकळ्या जागेत एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

तिसरा हात दिल्यावर आठवडाभर तरी स्टुलावर कुणी चढायचं नाही. हे घरात सांगणं हा सगळ्यात अवघड भाग. माझं स्टूल तेव्हा भिंतीशी पाय वर करून पडलेलं होतं आणि येता-जाता प्रत्येक जण बोट लावून 'वाळलं का' बघत होता. कपाटावरची बॅग तोवर कपाटावरच होती.

नमस्कार.